न्यायमूर्तींचा कल आकड्यांत कसा पकडायचा: अमेरिकी सर्वोच्च न्यायालय घेऊन एक सराव

कोर्टाच्या कँटीनमध्ये नव्या मॅटरची गोष्ट निघाली की मुरलेला वकील आधी कलम विचारत नाही. "कोणासमोर लागलंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. नाव ऐकून तो एकतर मान डोलावतो, नाहीतर चहा ढवळत गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात एक अख्खा सिद्धांत आहे: न्यायाधीशाची स्वतःची मते निकालात उतरतात, आणि ती आधीच ओळखता येतात.

हा अंदाज खरा किती, हे मोजण्याचा उद्योग अमेरिकेत सी. हर्मन प्रिचेट यांनी सुरू केला. १९४८ साली त्यांनी रूझवेल्टच्या काळातल्या सर्वोच्च न्यायालयातले भिन्नमताचे निकाल घेऊन कोण कोणाबरोबर किती वेळा उभा राहिला याचे तक्ते मांडले. पुढे यावर मोठी अभ्यासशाखा उभी राहिली. तिच्यातला गाभा एखाद्या साध्या स्प्रेडशीटवर करून पाहता येतो. हा लेख तोच रस्ता दाखवण्यासाठी आहे. संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. सरासरी आणि सहसंबंध या दोन गोष्टी माहीत असल्या की पाऊणएक रस्ता पार होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळे तिच्याभोवती फिरते. कल मतांच्या बाहेरून मोजायला हवा. नाहीतर संवाद असा होतो: "हे न्यायमूर्ती उदारमतवादी बाजूने मत का देतात?" "कारण ते उदारमतवादी आहेत." "कशावरून?" "अहो, त्यांची मते बघा ना!" अशा गोल फिरणाऱ्या युक्तिवादावर सुबक आलेख काढून लोक मोकळे होतात. आलेख सुंदर असतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पहिली पायरी: मोजता येईल असे न्यायालय निवडा

चार अटी आहेत. कोणी काय मत दिले हे नावानिशी जाहीर व्हायला हवे. एकच खटला बऱ्याच न्यायाधीशांनी एकत्र ऐकलेला हवा. मतभेद पुरेसे व्हायला हवेत. आणि तीच माणसे काही वर्षे टिकायला हवीत. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय चारही अटींत बसते: १८६९ पासून नऊ न्यायमूर्ती, सगळे एकत्र बसतात, नेमणूक आजीव, आणि कोणी बाजू सोडली तर ते छापून येते.

युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात भिन्नमत जाहीरच होत नाही, त्यामुळे तिथे हा खेळ पहिल्याच चेंडूवर संपतो. ब्रिटनच्या लॉ लॉर्ड्सवर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपिली न्यायाधीशांवर, ख्रिस हॅनरेटी यांनी हेच तंत्र वापरले, तर अमेरिकेसारखी डावी-उजवी रेघ हाती लागली नाही. म्हणजे तंत्र कुठेही चालवता येते. त्यातून निघालेल्या रेघेला 'विचारसरणी' म्हणायचे की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते. फ्रान्सने तर २०१९ मध्ये कायदाच केला: न्यायाधीशांची नावे वापरून त्यांच्या निकालांचे विश्लेषण, तुलना किंवा भाकीत करणे हा तिथे गुन्हा आहे. आपल्या स्प्रेडशीटला एखादा देश एवढा घाबरतो, याचे मला थोडे अप्रूपही वाटते.

दुसरी पायरी: डेटा उतरवा आणि गाळा

हॅरॉल्ड स्पेथ या अभ्यासकाने हयात घालवून उभा केलेला सुप्रीम कोर्ट डेटाबेस फुकट मिळतो. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने तो बरीच वर्षे सांभाळला. फाइल दोन घाटांत येते: एकीत एका खटल्याला एक रांग, दुसरीत एका खटल्यातल्या एका न्यायमूर्तीला एक रांग. आपल्याला दुसरी हवी.

उतरवल्यावर साठेक कॉलम बघून छाती दडपते, पण कामाचे सहा-सातच आहेत: खटल्याचा क्रमांक, वर्ष, न्यायमूर्तीचे नाव, विषयक्षेत्र, निकालाचा प्रकार, बहुमत की भिन्नमत, आणि मताची दिशा. विषयक्षेत्रे क्रमांकाने दिलेली असतात: १ म्हणजे फौजदारी प्रक्रिया, २ नागरी हक्क, ३ अभिव्यक्ती व धर्मस्वातंत्र्य, ८ आर्थिक व्यवहार, वगैरे. सोबतची संकेतपुस्तिका वाचल्याशिवाय एकही सूत्र टाकू नका. मी टाकले होते. बहुमताच्या कॉलममध्ये १ म्हणजे भिन्नमत आणि २ म्हणजे बहुमत. मी उलटे समजलो, त्यावरून दिशा काढली आणि एक अख्खी संध्याकाळ थर्गुड मार्शल हे कडवे कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) आणि रेनक्विस्ट हे जहाल लिबरल (उदारमतवादी) का निघताहेत याची कारणे शोधत बसलो. वाईट म्हणजे दोन कारणे सापडलीसुद्धा! तेव्हापासून पहिली चाचणी ठरलेली: ज्यांच्याबद्दल कोणालाच शंका नाही असे दोन न्यायमूर्ती घ्यायचे आणि ते आपापल्या टोकाला आहेत का ते पाहायचे.

आता गाळणी. तोंडी युक्तिवाद होऊन निकाल लागलेले खटलेच ठेवा. एकमताचे निकाल वेगळ्या शीटवर हलवा. नऊही जण एका बाजूला असतील तर त्या रांगेतून कोण कुठे आहे ते कळत नाही. याची किंमत मात्र लक्षात ठेवा. शाळांमधला वर्णभेद मोडणारा १९५४ चा ब्राऊन खटला नऊ विरुद्ध शून्य होता. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा निकाल या गाळणीतून सरळ खाली पडतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, पण त्यासाठी शीत पातेल्यातून कुठूनही उचललेले हवे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात खटला घ्यायचा की नाही हे न्यायालयच ठरवते. नऊपैकी चौघांनी होकार दिला की तो घेतला जातो. वर्षाला काही हजार अर्ज येतात, त्यातले अलीकडे साठ-सत्तर युक्तिवादापर्यंत पोहोचतात. म्हणजे न शिजलेली शिते न्यायालयाने स्वतःच वेचून वर ठेवलेली असतात. कायदा स्पष्ट आहे असे खटले खालीच मिटतात. वर येतात ते दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार असलेले. तिथे वैयक्तिक कल जास्त दिसणारच. जेफ्री सेगल आणि स्पेथ यांनी 'वृत्तीचा सिद्धांत' मांडला तोही याच न्यायालयापुरता होता: वर कोणी अपील ऐकणारा नाही, नोकरी जाण्याची भीती नाही, पुढच्या बढतीची हाव नाही, खटले स्वतः निवडलेले, म्हणून मनासारखे मत देण्याची मोकळीक. हा निष्कर्ष तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाला चिकटवायला जाऊ नका.

तिसरी पायरी: मताची दिशा ठरवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पुढचे सगळे गणित संगणक करतो. ही पायरी माणसाची आहे आणि चुकाही इथेच होतात.

डेटाबेसचा नियम ढोबळ आहे. फौजदारी खटल्यात आरोपीच्या बाजूचे मत लिबरल, सरकारच्या बाजूचे कॉन्झर्व्हेटिव्ह. नागरी हक्कांत हक्क मागणाऱ्याच्या बाजूचे लिबरल. आर्थिक खटल्यांत कामगार संघटना किंवा नियमन करणारे सरकार ही लिबरल बाजू, उद्योग ही दुसरी. बहुतेक वेळा हे चालते. जिथे चालत नाही तिथेच खरी मजा आहे.

केलो खटला घ्या, २००५. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने विकास प्रकल्पासाठी एका बाईचे घर ताब्यात घ्यायचे ठरवले. भूसंपादनाच्या आपल्याकडच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला वाटेल, लिबरल न्यायमूर्ती त्या बाईच्या बाजूने असणार. झाले उलटे. लिबरल गणले जाणारे स्टीव्हन्स, सूटर, गिन्सबर्ग आणि ब्रेयर केनेडींसह शहराच्या बाजूने गेले. ओ'कॉनर, रेनक्विस्ट, स्कालिया आणि थॉमस घरमालकिणीच्या बाजूने. 'दुबळ्याची बाजू ती लिबरल' असा नियम तुम्ही मनात धरला असेल तर इथे नऊही मते उलटी नोंदली जातील.

सिटिझन्स युनायटेड, २०१०, हेही असेच. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू ती लिबरल, असा नियम यांत्रिकपणे लावला तर निवडणूक प्रचारात कंपन्यांना पैसा ओतू देणारे पाच कॉन्झर्व्हेटिव्ह लिबरल ठरतात आणि विरोध करणारे चार लिबरल कॉन्झर्व्हेटिव्ह. विषय 'अभिव्यक्ती' म्हणून नोंदायचा की 'निवडणूक खर्चाचे नियमन' म्हणून, यावर दिशा पलटते. स्पेथ यांच्या डेटाबेसवर कॅरोलिन शपिरो यांनी, आणि नंतर ॲना हार्वी व मायकेल वुड्रफ यांनी टीका केली ती याच जागी: नोंद करणाऱ्याला निकाल कोणाचा हे आधी माहीत असेल तर विषयाचे खाते निवडतानाच नकळत झुकते माप पडू शकते.

म्हणून काम असे करा. नियम आधी लिहा, खटले नंतर वाचा. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला खटल्याची हकीकत आणि दोन बाजू एवढेच द्या. न्यायमूर्तींची नावे झाका. दोघांनी स्वतंत्रपणे शंभर खटले नोंदवा आणि जुळणी मोजा. समजा ८५ ठिकाणी एकमत झाले. ऐकायला भारी, पण दोघांनीही निम्मे-निम्मे वाटले असते तर नुसत्या योगायोगाने ५० जुळले असते. तो भाग वजा करायचा: (०.८५ − ०.५०) भागिले (१ − ०.५०), म्हणजे ०.७०. या आकड्याला कॅपा (kappa) म्हणतात. तो ०.७ च्या आसपास असेल तर पुढे जायला हरकत नाही. ०.५ च्या खाली असेल तर तुमचे नियम धूसर आहेत, माणसे नव्हे.

चौथी पायरी: कलाचे बाहेरचे माप

सर्वांत स्वस्त माप म्हणजे नेमणूक करणारा राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा. एका कॉलमचे काम. पण आयझेनहॉवर यांनीच अर्ल वॉरन आणि विल्यम ब्रेनन दिले, निक्सन यांनी ब्लॅकमन, फोर्ड यांनी स्टीव्हन्स आणि थोरल्या बुश यांनी सूटर. सगळे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष, आणि पाचही न्यायमूर्ती कमी-अधिक वेळाने लिबरल बाजूला स्थिरावले. एवढी मोठी चूक असलेली फूटपट्टी एकटी वापरू नये.

१९८९ मध्ये सेगल आणि अल्बर्ट कव्हर यांनी एक सोपी युक्ती काढली. न्यायमूर्तीचे नाव जाहीर झाल्यापासून सेनेटच्या (नेमणूक मंजूर करणाऱ्या सभागृहाच्या) मतदानापर्यंत वर्तमानपत्रे त्याच्यावर अग्रलेख लिहितात. त्या वेळी त्याने या न्यायालयात एकही मत दिलेले नसते. दोघांनी चार वर्तमानपत्रे घेतली: उदारमतवादी कलाची न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट, दुसऱ्या बाजूची शिकागो ट्रिब्यून आणि लॉस एंजेलिस टाइम्स. अग्रलेखातला प्रत्येक परिच्छेद लिबरल, मध्यम, कॉन्झर्व्हेटिव्ह किंवा गैरलागू असा नोंदवला.

समजा एका उमेदवारावर ४० परिच्छेद मिळाले: ६ लिबरल, १० मध्यम, २० कॉन्झर्व्हेटिव्ह, ४ गैरलागू. गैरलागू सोडून उरले ३६. लिबरलमधून कॉन्झर्व्हेटिव्ह वजा, भागिले ३६: म्हणजे −१४ भागिले ३६, उणे ०.३९. ही पट्टी −१ ते +१ अशी आहे. ० ते १ वर आणायची तर एक मिळवून दोनने भागा: ०.३१ च्या आसपास. झाले. यात कुठलाही गूढ फॉर्म्युला नाही.

त्यांच्या मूळ अभ्यासात हे गुण आणि नागरी स्वातंत्र्याच्या खटल्यांतली मते यांचा सहसंबंध ०.८० निघाला. समाजशास्त्रात असा आकडा क्वचित दिसतो. तरी फूटपट्टीला भेगा आहेत. दुसरे जॉन हार्लन यांना ०.८७५ गुण पडले, जवळपास पूर्ण लिबरल. प्रत्यक्षात वॉरन सरन्यायाधीश असतानाच्या न्यायालयातला कॉन्झर्व्हेटिव्ह आवाज तेच ठरले. वर्णभेदाला मान्यता देणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात एकट्याने भिन्नमत देणाऱ्या हार्लन यांचे ते नातू. संपादकांनी नातवात आजोबा पाहिले असावेत, असा माझा तर्क. आणखी एक भेग: उमेदवार आधी खालच्या न्यायालयात असेल तर संपादक त्याच्या जुन्या निकालांवरूनच लिहितात, म्हणजे मते मागच्या दाराने पुन्हा आत येतात.

पाचवी पायरी: दोन्ही कॉलम शेजारी ठेवा

१९९४ ते २००५ अशी अकरा वर्षे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात एकही जागा बदलली नाही. तेच नऊ जण. सरावाला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. मी त्या काळातले सहा गाजलेले खटले घेतले: लोपेझ (१९९५, शाळेजवळ बंदूक बाळगण्यावर केंद्राचा कायदा), मॉरिसन (२०००, स्त्रियांवरील हिंसाचाराबाबत केंद्राचा कायदा), झेलमन (२००२, धार्मिक शाळांना सरकारी व्हाउचर), लॉरेन्स (२००३, समलिंगी संबंध), ग्रटर (२००३, विधी महाविद्यालयातल्या प्रवेशात वंशाचा विचार) आणि रोपर (२००५, अल्पवयीनांना फाशी). राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा २००० सालचा बुश विरुद्ध गोर मुद्दाम वगळला: तिथे दोन बाजू सरळ पक्षांच्या होत्या, धोरणाची दिशा लावायला नियमच नाही. लॉरेन्समध्ये ओ'कॉनर बहुमताच्या कारणांशी सहमत नव्हत्या, निकालाशी होत्या. त्यांचे मत मी लिबरल धरले.

| न्यायमूर्ती | सेगल-कव्हर गुण | सहापैकी लिबरल मते | आठपैकी लिबरल मते |
|---|---|---|---|
| स्कालिया | ०.००० | ० | २ |
| रेनक्विस्ट | ०.०४५ | ० | ० |
| थॉमस | ०.१६० | ० | २ |
| स्टीव्हन्स | ०.२५० | ६ | ७ |
| सूटर | ०.३२५ | ६ | ८ |
| केनेडी | ०.३६५ | २ | २ |
| ओ'कॉनर | ०.४१५ | २ | २ |
| ब्रेयर | ०.४७५ | ६ | ७ |
| गिन्सबर्ग | ०.६८० | ६ | ८ |

सहा खटल्यांवर सहसंबंध ०.७१ येतो. मग मी आणखी दोन खटले घातले, दोन्ही फौजदारी: अप्रेंडी (२०००, शिक्षा वाढवणारी वस्तुस्थिती ज्यूरीपुढे सिद्ध व्हायला हवी का) आणि कायलो (२००१, घराबाहेरून उष्णतेचा वेध घेणारे यंत्र ही झडती आहे का). दोन्हींत स्कालिया आणि थॉमस आरोपीच्या बाजूने. अप्रेंडीत ब्रेयर सरकारच्या बाजूने, कायलोत स्टीव्हन्स. सहसंबंध उतरून ०.६४.

खटले मी निवडले, आणि निवडीने आकडा हलला. सहाच दाखवले असते तर तुम्हाला कळलेही नसते. म्हणून स्वतःच्या कामात खटले निवडू नका; ठरवलेल्या काळातले गाळणीत बसणारे सगळे घ्या, आणि मगच विषयवार वाटा. फौजदारी वेगळे, नागरी हक्क वेगळे, आर्थिक वेगळे. एकच सरासरी काढली तर स्कालिया यांच्यासारख्या माणसातली सर्वांत बघण्याजोगी गोष्ट पुसली जाते. १९८९ च्या टेक्सास विरुद्ध जॉन्सनमध्ये राष्ट्रध्वज जाळणाऱ्याच्या बाजूने मत देणाऱ्या पाचांत ते होते, आणि विरोधात मत देणाऱ्यांत स्टीव्हन्स होते.

तक्त्यात अजून एक गोष्ट दिसते का बघा. स्टीव्हन्स आणि सूटर यांचे गुण केनेडी आणि ओ'कॉनर यांच्यापेक्षा कमी, पण मते तिप्पट लिबरल. कुठे फूटपट्टी चुकली, कुठे माणूस बदलला. ब्लॅकमन यांचे उदाहरण ठळक आहे: १९७२ मध्ये फर्मन खटल्यात त्यांनी फाशी टिकवण्याच्या बाजूने मत दिले आणि १९९४ मध्ये फाशीच्या यंत्रणेला आपण यापुढे हात लावणार नाही असे लिहून मोकळे झाले. नेमणुकीच्या दिवशी घेतलेले माप हा बदल पाहूच शकत नाही.

सहावी पायरी: मतांमधून स्थान काढणे, आणि त्याचा मोह

इथे अँड्र्यू मार्टिन आणि केव्हिन क्विन येतात. २००२ मध्ये त्यांनी प्रत्येक न्यायमूर्तीला प्रत्येक वर्षासाठी एका रेषेवर बसवणारे मॉडेल मांडले. कल्पना परीक्षेसारखी आहे. पेपरातला एखादा प्रश्न सगळ्यांना जमतो, एखादा कोणालाच नाही, आणि एखादा हुशार व कच्चे नेमके वेगळे करतो. इथे प्रश्नाच्या जागी खटला, विद्यार्थ्याच्या जागी न्यायमूर्ती. लोपेझ हा वेगळे करणारा प्रश्न. कायलो हा ज्यात पहिल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे सारखेच उत्तर देतात तसला.

करून बघायचे असेल तर आर हे फुकट सॉफ्टवेअर आणि त्यातले एमसीएमसीपॅक हे पॅकेज घ्या. पॅकेजमध्येच २००० च्या सत्रातले ४३ मतभेदाचे खटले आणि नऊ न्यायमूर्ती असा तक्ता तयार आहे. एक अट मात्र तुम्हाला घालावी लागते: कोणते टोक डावे ते संगणकाला कळत नाही. स्टीव्हन्स शून्याच्या डावीकडे आणि स्कालिया उजवीकडे एवढे बांधून द्या, नाहीतर आज आलेला आलेख उद्या आरशात पाहिल्यासारखा उलटा येईल. निकालात प्रत्येकाच्या स्थानाभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतो. ४३ खटल्यांवर शेजारच्या न्यायमूर्तींचे पट्टे एकमेकांवर चढतात. तिथे पहिला-दुसरा क्रमांक लावायला जाऊ नका.

ही स्थाने देखणी असतात, वर्तमानपत्रे ती छापतात, आणि मोह तिथेच आहे. ती मतांमधून काढलेली आहेत. त्याच मतांचे स्पष्टीकरण म्हणून ती वापरली की सुरुवातीच्या संवादात परत आलात. उपयोग करायचाच असेल तर मागच्या वर्षाचे स्थान या वर्षाच्या मतांसाठी वापरा, किंवा फौजदारी खटले अभ्यासायचे असतील तर स्थान बाकीच्या विषयांतून काढा. वर्षांमधली तुलनाही जपून. सगळे नऊ एकाच दिशेने सरकले, किंवा खटल्यांचे विषयच बदलले, तर मॉडेलला ते वेगळे सांगता येत नाही. १९७० आणि २०२० मधला सारखाच आकडा म्हणजे सारखेच मत नव्हे.

सातवी पायरी: कायद्याला संधी द्या

आतापर्यंत आपण कायद्याला बोलूच दिले नाही. सेगल यांनी १९८४ मध्ये झडतीच्या खटल्यांवर ते केले. प्रत्येक खटल्याची वस्तुस्थिती कॉलममध्ये टाकली: झडती घराची होती का, वॉरंट होते का, अटकेनंतरची होती का. मग या गोष्टींवरून निकाल ओळखता येतो का ते पाहिले. बराचसा येतो. म्हणजे वस्तुस्थितीला वजन आहे. ती कॉलममध्ये असताना कलाचे गुण घातल्यावर अंदाज किती सुधारतो, तो आपला खरा आकडा.

यासाठी लॉजिट मॉडेल (हो की नाही अशा उत्तराची शक्यता काढणारे) लागते, पण त्यातले गुणक तसेच छापू नका. कोणाला काही कळत नाही. शक्यतेत बदला. समजा स्थिरांक −१.२ आणि कलाचा गुणक ३ आला. शून्य गुण असलेल्या न्यायमूर्तीने लिबरल मत देण्याची शक्यता सुमारे २३ टक्के, ०.६८ असलेल्याची सुमारे ७० टक्के. हे वाक्य वकिलालाही कळते.

इथला नेहमीचा अपघात असा. शीटवर नऊ हजार रांगा असतात, मॉडेल छाती ठोकून सांगते की परिणाम निश्चित आहे. पण कलाचे गुण तर नऊच माणसांचे. रांगा कितीही असल्या तरी तुमच्याकडे माहिती नऊ जणांची आहे. न्यायमूर्तीनुसार गट करून त्रुटी मोजा, किंवा बहुस्तरीय मॉडेल (खटला आणि न्यायमूर्ती हे थर वेगळे धरणारे) वापरा. आणि गट इतके कमी असताना तेही आशावादी असते हे मान्य करा.

पूर्वनिर्णयाचा दबाव तपासण्याची स्पेथ आणि सेगल यांची रीत मला सर्वांत चतुर वाटते. बहुमतात असलेला न्यायमूर्ती पुढे तोच निकाल पाळतो यात नवल नाही. त्याला तो आवडलेलाच होता. बघायचे ते भिन्नमत देणाऱ्याकडे. हरल्यावर पुढच्या खटल्यात तो त्या निकालापुढे मान तुकवतो का? १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात हे सुमारे १२ टक्के वेळाच झाले. जॉन रॉबर्ट्स यांनी मात्र २०१६ मध्ये टेक्सासच्या गर्भपात निर्बंधांच्या खटल्यात विरोधी मत दिले आणि २०२० मध्ये लुइझियानाच्या तशाच कायद्यात पूर्वनिर्णयाचा मान राखून दुसऱ्या बाजूला गेले. अशा जोड्या हाताने शोधून वाचा. मॉडेलमध्ये ती एक रांग असते, पण दबाव कसा काम करतो ते तिच्यातूनच कळते.

आपल्याकडे आणताना

भारतावर हे आधी कोणी केलेच नाही असे नाही. जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आपल्या न्यायमूर्तींच्या मतांवर लिहिले होते. साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर कामगारांच्या खटल्यांत कुठे झुकतात हे तेव्हाच्या वकिलांना तोंडपाठ होते. ते मोजता येते, एवढाच नवा मुद्दा. आणि १९७३ मध्ये केशवानंद भारतीच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी तिघा ज्येष्ठांना डावलून अ. ना. रे यांना सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी संसदेत न्यायाधीशाची विचारधारा बघण्याचे समर्थनच केले. सरकारने आपल्या परीने कल मोजला होता.

अमेरिकी साचा तसाच आणला तर मात्र फसतो. आपल्याकडे ३४ न्यायमूर्ती, पण बहुतेक खटले दोघा-तिघांपुढे. कोण कोणाबरोबर बसेल हे सरन्यायाधीश ठरवतात, म्हणजे निवडीचा प्रश्न दुप्पट. भिन्नमत दुर्मीळ. पासष्टाव्या वर्षी निवृत्ती, त्यामुळे एकत्र बसण्याचा काळ थोडा. १९९३ पासून नेमणुका कॉलेजियमच्या, सेनेटसारखी जाहीर सुनावणी नाही, तेव्हा अग्रलेखांची फूटपट्टीही नाही.

सुरुवात घटनापीठांपासून करा. घटनेच्या अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान पाच जण असतातच, आणि फूट पडते: १९६७ चा गोलकनाथ ६ विरुद्ध ५, केशवानंद ७ विरुद्ध ६. डावे-उजवे असा एकच कॉलम ठेवू नका. दोन ठेवा: एक राज्यसत्ता विरुद्ध व्यक्ती, दुसरा मालमत्ताधारी विरुद्ध वंचित. कारण प्र. न. भगवती आहेत. १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ अशा बहुमतात ते होते, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही असे म्हणणाऱ्यांत. आणि पुढे गरिबांसाठी जनहित याचिकेचे दार सताड उघडणारेही तेच. एकाच रेघेवर त्यांना कुठे बसवणार? दोन कॉलमांत ते नीट बसतात.

त्या चौघांत य. वि. चंद्रचूडही होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांचा तो निकाल गंभीर चूक असल्याचे लिहिले. पीठ नऊ जणांचे, निकाल नऊ विरुद्ध शून्य. दुसऱ्या पायरीत हलवलेली एकमताची शीट आठवते ना? ही रांग तिथे जाईल.